सहा दिवसांचं काम, आठ दिवसांचा पगार

१९१५ च्या मे महिन्यात लंडनच्या 'टाइम्स'नं बातमी छापली की फ्रान्समधल्या आघाडीवर ब्रिटिश तोफांना गोळे पुरत नाहीत. त्या बातमीनं सरकार हादरलं आणि संमिश्र मंत्रिमंडळ आलं. जूनमध्ये युद्धसामग्रीचं वेगळं खातंच निघालं आणि ते डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्याकडे गेलं. गोळे हवेत तर कारखाने जास्त वेळ चालवा, हा उपाय कुणालाही सुचला असता. बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, रविवारची सुट्टी गेली. बायकांच्या तासांवर १९०१ च्या कारखाना कायद्यानं घातलेली बंधनं खास हुकमांनी सैल झाली. आठवड्याला ७० तास हे नेहमीचं झालं, आणि ९० च्या पुढे गेलेले पुरुषही पुढच्या चौकशीत सापडले.

कामाचे तास आणि विश्रांती यांवर हल्ली भरपूर बोललं जातं. कुणी पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावायला सांगतं, कुणी पहाटे चारला उठायला. मला त्यापेक्षा हे शंभर वर्षांपूर्वीचं प्रकरण जास्त उपयोगाचं वाटतं. एकतर इथे कुणाला आळस करायचा नव्हता. आघाडीवर स्वतःचे भाऊ आणि नवरे होते. दुसरं म्हणजे माल मोजता येत होता. माणसानं किती वेळ दिला आणि त्यातून किती नग निघाले, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर आले. ऑफिसच्या कामात असं सहसा होत नाही.

रविवारचा हिशेब

सप्टेंबर १९१५ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी युद्धसामग्री कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते सर जॉर्ज न्यूमन, शिक्षण खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. समितीचं पहिलंच टिपण रविवारच्या कामावर आलं, नोव्हेंबरात. कारखानदार आणि फोरमन यांच्याशी बोलताना समितीला जे पुन्हा पुन्हा ऐकू आलं त्याचा मथितार्थ असा: रविवार भरला की सात दिवसांची मेहनत होते, माल सहा दिवसांचाच निघतो आणि पगार मात्र आठ दिवसांचा जातो. रविवारच्या कामाला दुप्पट मजुरी होती, म्हणून आठ.

यातला बारकावा असा की रविवारी माल निघत नव्हता, असं मुळीच नव्हतं. रविवारी नग पडत होतेच, फक्त ते सोमवार ते शनिवारमधून वजा होऊन येत होते. एखाद्या रविवारचा आकडा सुटा पाहिला तर तो झकास दिसायचा. ज्यानं कधी महिनाअखेरीचं डिस्पॅच सांभाळलंय त्याला हे लगेच समजेल: सुट्टीच्या दिवशी माणसं बोलावली, तीनशे नग जास्त निघाले, रिपोर्टात शाबासकी मिळाली, मंगळवार-बुधवारी लाइन का रेंगाळली, हा प्रश्न कुणी त्या रविवाराशी जोडतच नाही.

समितीनं माणसं राहतात कशी हेही पाहिलं. कारखान्यांभोवतीच्या गावांत इतकी गर्दी झाली होती की खाटाही पाळ्यांनी वापरल्या जात. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणात शिरायचा; खाट कधी रिकामी नाही, खोलीला कधी वारा नाही. गिरणगावातल्या खोल्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. त्यात घरापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास धरायचा. म्हणजे १२ तासांची पाळी असलेल्या बाईच्या हाती झोपेला किती उरत असेल, ते बोटांवर मोजता येतं.

खरं तर इंग्लंडला हे नवीन नसायला हवं होतं. १८९३ साली विल्यम मॅथर यांनी सॅलफर्डच्या आपल्या लोखंडी कारखान्यात ५३ तासांचा आठवडा ४८ वर आणून वर्षभर पाहिलं होतं. उत्पादन पडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी सरकारी शस्त्रागारांतही ४८ तास आले. जर्मनीत येना इथे झाइसच्या भिंग-कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० च्या सुमारास नऊ तासांचे आठ केले. २३३ कामगारांचा वर्षाआधीचा आणि वर्षानंतरचा हिशेब मांडला तर दिवसाचं एकूण उत्पादन ३.३ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. हे सगळं छापलेलं होतं, वाचलेलं होतं. युद्ध लागलं आणि घाईत ते बाजूला पडलं. घाईत माणूस हातातलं ज्ञान वापरत नाही, हातातलं घड्याळ वापरतो.

व्हर्नन यांनी काय मोजलं

समितीसाठी आकड्यांचं मुख्य काम केलं ऑक्सफर्डचे शरीरशास्त्रज्ञ होरेस मिडलटन व्हर्नन यांनी. त्यांनी तोफगोळ्यांचे फ्यूज बनवणाऱ्या कामगारांचे गट निवडले. फ्यूज म्हणजे गोळ्याच्या टोकाशी बसणारा भाग, गोळा कधी फुटायचा हे ठरवणारा. अशा नगात माप चुकलं तर तो आपल्याच तोफेत फुटू शकतो, त्यामुळे नुसता वेग असून भागत नव्हतं.

गट चार होते. ॲल्युमिनियमच्या फ्यूज बॉडी लेथवर, म्हणजे नग फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, घडवणाऱ्या बायका: दिवसभर उभं राहायचं, एकामागून एक हत्यार पुढे आणून छेद घ्यायचे, भोकं पाडायची आणि नजर हटवायची नाही. दुसरा गट आटे पाडणाऱ्या मिलिंग मशिनवरच्या बायकांचा. हे काम हलकं, नग लावला की मशिन आपला वेळ घेऊन चालणार आणि बाईनं लक्ष ठेवायचं. फ्यूज बॉडी मापात आणणारे पुरुष तिसरे. त्यांचं काम सगळ्यांत जड. आणि चौथे, टॉप कॅपला भोक पाडणारी पोरगेली मुलं, ज्यांचं मशिन जवळपास आपोआप चालायचं.

व्हर्नन यांनी कागदावरचे तास आणि प्रत्यक्ष काम केलेले तास वेगळे धरले. हे मला या अभ्यासातलं सगळ्यांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. लेथवरच्या बायकांचे कागदी तास ७० च्या वर होते, पण उशिरा येणं, खाडे, आजारपण वजा केलं की ६६ च्या आसपास उरत. मग पाळी सुरू झाल्यावर यंत्रं खरोखर कधी फिरू लागतात, हे त्यांनी विजेच्या वापराच्या नोंदींवरून पाहिलं. भोंगा वाजतो सहाला, पण वीज हळूहळू चढते. सुट्टीच्या आधी ती तशीच हळूहळू उतरते. माणसं दारात अडवून कुणाला काही विचारायची गरजच नव्हती, मीटर सांगत होतं.

१९१६ च्या आधी-नंतर कारखान्यानं टप्प्याटप्प्यानं तास कमी केले. लेथवरच्या बायकांचा तासाचा वेग इतका वाढला की आठवड्याचं एकूण उत्पादन घटलं तर नाहीच, थोडं वर गेलं. जड काम करणाऱ्या पुरुषांचंही तेच झालं. मिलिंगवाल्या बायकांचं एकूण उत्पादन जिथल्या तिथे राहिलं. आणि त्या मुलांचं किंचित घसरलं. यात गूढ काही नाही. जिथे कामाचा वेग माणसाच्या हातात होता तिथे विश्रांतीचा परतावा मोठा मिळाला; जिथे वेग यंत्राच्या हातात होता तिथे माणूस कितीही ताजातवाना असला तरी मशिन आपल्या चालीनंच चालणार. मुलांच्या गटानं मात्र एक गोष्ट दाखवली: वेग ठरलेला असतानाही मशिन रिकामं उभं राहण्याचा वेळ कमी झाला, म्हणून तासांच्या प्रमाणात उत्पादन पडलं नाही.

अपघातांचे आकडे याहून बोलके आहेत. एका फ्यूज कारखान्यात दिवसाला १२ तासांची पाळी होती तेव्हा बायकांचे अपघात, नंतरच्या १० तासांच्या काळाच्या अडीच पट होते. चक्कर येऊन दवाखान्यात आणलेल्या आणि अमोनियाचं औषध देऊन सावरलेल्या बायकांची संख्याही लांब पाळीत कितीतरी जास्त. दोन तास कमी केल्यानं गोळे कमी पडतील ही भीती, आणि इकडे लेथवरून खाली बसणारी बाई. दोन्ही एकाच कारखान्यात, पण एकीचा हिशेब उत्पादनाच्या वहीत आणि दुसरीचा दवाखान्याच्या.

पहिल्या पंधरवड्यात काहीच दिसत नाही

तास कमी केले की दुसऱ्या सोमवारी वेग वाढला, असं झालं नाही. वेग हळूहळू चढला, कित्येक आठवडे घेऊन. व्हर्नन यांचं स्पष्टीकरण असं की लांब पाळीत माणूस नकळत अशी चाल धरतो जी शनिवारपर्यंत टिकेल. ती चाल अंगात मुरलेली असते. पाळी छोटी झाली तरी अंग काही दिवस जुन्याच हिशेबानं चालतं.

आपल्याकडे असे प्रयोग फसतात ते नेमके इथे. एखादा मॅनेजर उत्साहानं ओव्हरटाइम बंद करतो, पहिल्या दोन आठवड्यांत आकडा पडतो, वरून फोन येतो आणि तिसऱ्या आठवड्यात ओव्हरटाइम परत. मग 'आम्ही करून पाहिलंय, आमच्याकडे चालत नाही' हे वाक्य दहा वर्षं पुरतं. स्वतःच्या बाबतीतही तसंच. रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवणारा माणूस चार दिवस सातला बंद करतो, काम साचतं, आणि तो ठरवतो की आपल्याला हे जमणारं नाही. चार दिवसांत काय मोजणार?

उलट दिशेनंही हे लागू पडतं, आणि ते कुणी सांगत नाही. तास वाढवल्यावरही थकवा लगेच आकड्यात येत नाही. एखादा आठवडा दाबून काम केलं तर माल खरंच जास्त निघतो. म्हणून तर लांब तासांवरचा विश्वास इतका पक्का असतो. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येकाला खरा ठरताना दिसलेला असतो.

थकवा कळतो कुणाला

समितीचं सातवं टिपण औद्योगिक थकव्यावर आहे, १९१६ चं. त्यातला मुद्दा आजही पचायला जड जाईल. थकवा म्हणजे दमल्यासारखं वाटणं नव्हे, थकवा म्हणजे काम करण्याची क्षमता घटणं. आणि या दोन गोष्टी बरोबर चालतातच असं नाही. कंटाळवाण्या कामात क्षमता शाबूत असून दमल्यासारखं वाटतं. आवडीच्या किंवा निकडीच्या कामात क्षमता निम्म्यावर आलेली असते आणि माणसाला आपण फॉर्मात आहोत असं वाटत राहतं. तेव्हा समितीच्या मते थकव्याची सरळ कसोटी एकच, हातून किती आणि कसं काम उतरतंय ते मोजणं.

याच टिपणात एक किस्सा दिलाय. आघाडीवरच्या दोन अधिकाऱ्यांनी पैज लावली: सारख्याच लांबीचा खंदक, सारखीच माणसं, कोण आधी खणतो. एकानं आपल्या माणसांना सांगितलं, जमेल तसं पण जीव तोडून खणा. दुसऱ्यानं तीन तुकड्या केल्या. एक तुकडी पाच मिनिटं पूर्ण जोरानं खणायची आणि मग दहा मिनिटं बसायची, तोवर दुसरी, मग तिसरी. दुसरा अधिकारी आरामात जिंकला.

पाच मिनिटं काम आणि दहा मिनिटं आराम! हे गणित ऐकून कुठलाही सुपरवायझर हसेल. कुठल्याही क्षणी दोन-तृतीयांश माणसं बसलेली दिसणार, आणि बसलेला माणूस पाहवत नाही हा तर आपल्या कामाच्या जागांचा मूळ रोग. पण आकडा पाहून भुलू नये. खंदक खणणं हे छाती फुटेस्तोवरचं काम, त्याला पाच-दहा जमलं. लेथला ते जमणार नाही, आणि हिशेब तपासणाऱ्याला तर नाहीच. त्याचा धागा सापडायलाच पाच मिनिटं जातात. किश्शातून घ्यायचं ते एवढंच की विश्रांती दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी ठरवून घेतलेली होती, आणि ती घेताना कुणी फावडं हातात धरून उभं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीबद्दलही समितीचं म्हणणं असंच सरळ होतं. सलग कामाची बैठक पाच तासांच्या पुढे जाऊ नये, चारची असेल तर उत्तम. सकाळी उपाशीपोटी सहाला सुरू होऊन न्याहारीपर्यंत चालणारं काम बहुतेक ठिकाणी वाया जातं असंही दिसलं: निम्मे लोक उशिरा येतात, आलेल्यांचे हात चालत नाहीत. घरून न्याहारी करून येऊ द्यावं आणि एकाच जेवणाच्या सुट्टीवर दिवस चालवावा, हा पर्याय काही कारखान्यांनी स्वीकारला. कारखान्यात गरम जेवण आणि चहा मिळावा म्हणून कँटीन निघाली ती याच काळात, आणि युद्ध संपल्यावरही राहिली.

एवढं करूनही समिती धीट नव्हती. जानेवारी १९१६ च्या टिपणात तिनं पुरुषांसाठी ६५ ते ६७ तास आणि बायकांसाठी ६० तास अशी मर्यादा सुचवली. पुढे स्वतःच्याच आकड्यांसमोर तिला ही मर्यादा सैल वाटू लागली.

शंभर वर्षांनी पुन्हा तेच आकडे

२०१४ मध्ये स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी समितीचे जुने तक्ते नव्या संख्याशास्त्रानं तपासले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढतं. त्यापुढे वाढीचा वेग मंदावत जातो. ७० तासांत निघालेला माल ५६ तासांत निघालेल्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. म्हणजे वरचे १४ तास जवळपास फुकट. आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टीचा दिवस नसेल तर तेवढ्याच तासांत माल कमी निघतो.

२०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटल्यावर हा अभ्यास आपल्याकडे भराभर फिरला. विरोधकांनी तो तलवारीसारखा वापरला. माझं मत थोडं बाजूचं आहे. हे आकडे उभ्यानं, पीस मोजून, युद्धाच्या दगदगीत काम करणाऱ्या बायकांचे आहेत. कोड लिहिणाऱ्याची रेघ ४९ वरच असेल असं त्यातून निघत नाही. ती अलीकडेही असू शकते. पण ७० तासांची बाजू घेणाऱ्यांकडे तर एवढाही तक्ता नाही. ते तास सांगतात, त्यातून काय निघालं ते सांगत नाहीत.

आपल्याकडे आठवड्याची सुट्टी आली तीसुद्धा अशा तक्त्यातून नव्हे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तास, दिवसाला नऊ आणि पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी हे आकडे बसले, आणि त्यातला पाच तासांचा आकडा न्यूमन समितीच्या सल्ल्याच्या किती जवळ आहे हे पाहण्यासारखं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाचे तास बारापर्यंत नेण्याला आणि सुट्टी पाचऐवजी सहा तासांनंतर देण्याला मान्यता दिली. आठवड्याची ४८ ची मर्यादा तशीच ठेवली. आठवड्याचा आकडा सांभाळला म्हणून निश्चिंत व्हावं असं व्हर्नन यांचे अपघातांचे आकडे वाचल्यावर वाटत नाही. ते आकडे दिवसाच्या लांबीचे होते.

पगाराचं काय

या प्रकरणातली एक बाजू सोयीस्करपणे गाळली जाते. रविवारचं काम बंद व्हायला पहिला विरोध अनेकदा कामगारांचाच होता. दुप्पट मजुरी जाणार होती, आणि महागाई भडकलेली. म्हणून आज कुणाला आपल्या विभागात असं काही करून पाहायचं असेल तर घड्याळाच्या आधी पगारपत्रक उघडावं लागेल. चाकण, रांजणगावच्या कंत्राटी पोराला ओव्हरटाइम म्हणजे थकवा नव्हे, खोलीचं भाडं. त्याच्या हातात महिन्याला पडणारी रक्कम तीच राहणार असेल, तर त्याला तास कमी झालेले आवडतील आणि तीन महिन्यांत नगही भरून निघू शकतील. रक्कम कमी होणार असेल, तर तो सुट्टीच्या दिवशी शेजारच्या कंपनीत पाळी करेल, आणि सोमवारी तुमच्या मशिनवर उभा राहील तो आठव्या दिवसाचा दमलेला माणूस असेल. मग रिजेक्शन का वाढलं म्हणून मीटिंग लावण्यात अर्थ नाही.

बाकी करायचं ते साधं आहे. चांगले नग मोजा, पाठवलेले नव्हेत. कागदी तास आणि खरे तास वेगळ्या रकान्यांत लिहा. अपघात, चक्कर, रजा त्याच तक्त्यात घ्या. आणि निदान दोन-तीन महिने वरून फोन येणार नाही, हे आधी कबूल करून घ्या.